लायसन ड्रायव्हरचं की गाडीचं?

हंगाम संपला की आमच्या केंद्रात झाडलोट व्हायची. टेबलांखालून, कपाटांमागून मूठमूठ दाणे निघायचे. मूग, सोयाबीन, सरकी, तूर. कोणत्या गावच्या पिशवीतून कधी सांडले, कोण सांगणार! किस्स्यांचंही तसंच होतं बघा. घडतात तेव्हा कोणी उचलून ठेवत नाही. मग चार मित्र चहाला बसले की एक निघतो, त्याच्यामागे दुसरा. मित्र मला म्हणतात, "दिल्या, तुह्या त्या सुपारीवाल्या सर्व्हरचा किस्सा सांग." मी सांगतो. शेवटचा तेवढा सांगत नाही. आज सांगणार आहे, म्हणून पहिल्यापासून ऐका आणि मधे उठू नका.

केंद्र म्हणजे बियाणं तपासणी केंद्र. एका लहानशा ट्रस्टचं, अमरावतीत. ते दिवस वऱ्हाडासाठी फार वाईट होते. सकाळी पेपर उघडला की आम्ही शेतकरी गेल्याच्या बातमीत आधी गावाचं नाव बघायचो, ओळखीचं तर नाही ना म्हणून. त्यात बोगस बियाण्याचा सुळसुळाट. पिशवीवर झकास फोटो, आत काय आहे ते देवाला ठाऊक. पेरलं आणि उगवलंच नाही, तर वर्ष गेलं.

आमचं काम साधं. शेतकरी पिशवीतून मूठभर बी आणून द्यायचा. आम्ही शंभर दाणे मोजायचो, ओल्या कागदात ओळीनं मांडून गुंडाळी करायचो, आठ दिवसांनी उघडायचो. शंभरातले नव्वद उगवले तर पेर बाबा खुशाल. चाळीस उगवले तर पिशवी दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपट. हे सगळं फुकट. निकाल कम्प्युटरमध्ये, म्हणजे एकाच लॉटचं बी अकोल्यात आलं तर तिथल्या माणसाला लगेच कळावं. आमची अकोल्याची शाखा जठारपेठेत होती, एका शिंप्याच्या दुकानावर.

केंद्र चालवायचे इंगोले सर. कृषी कॉलेजातून रिटायर झालेले, सहासष्ट वर्षांचे, सडसडीत. आणि कम्प्युटरचं बघायला मी. आधी नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात होतो. ते युनिट बंद पडलं, आठ महिने घरी बसलो. मग सरांनी सहा महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं. ट्रायल हा शब्द लक्षात ठेवा.

*

पहिल्याच दिवशी मी ऐटीत खिशातून सॉफ्टवेअरची फुकट उतरवलेली सीडी काढली. हसू नका, पण त्या एका सीडीवर तेव्हा अर्धी अमरावती चालत होती! दवाखाने, क्लासेस, सराफा, सगळीकडे मीच टाकून दिलेली. त्या काळात सॉफ्टवेअर विकत घेणारा माणूस म्हणजे वरातीतला घोडा विकत घेणारा. वेडाच म्हणायचे लोक.

सरांनी सीडी हातात घेतली. उलटून पाहिली. वर माझ्याच अक्षरात स्केचपेननं लिहिलेलं होतं, 'सर्व्हर, चालू'.

"याचा लॉट नंबर?"

मी म्हटलं, "सर, सीडीला लॉट नंबर नसते."

"कंपनीचं लेबल?"

"नाई."

"बिल?"

"सर, हे तर सगळेच वापरते."

सर शांतपणे म्हणाले, "दिलीप, बोगस बियाणं विकणाराही मला हेच सांगतो. शब्दन् शब्द हेच!"

सीडी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकली. वर म्हणाले, "लोकांच्या पिशव्या उघडून बोगस बोगस म्हणायचं आणि आपल्याच डब्यात बोगस माल? ऑर्डर फॉर्म मागव." मी रागानं लालबुंद. बाहेर जाऊन दोन चहा प्यायलो.

*

ऑर्डर फॉर्म आला. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाईल ठेवणारा कम्प्युटर; नेटवर्कमधून त्यावरच्या फाईल उघडायच्या तर प्रत्येकी एक लायसन. सर्व्हर घेतला म्हणजे झालं, असं नाही. घर विकत घ्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा पास वेगळा काढा, असा कारभार.

फॉर्मवर दोन चौकटी होत्या. लायसन कशामागे हवं? वापरणाऱ्या माणसामागे, की वापरायच्या मशीनमागे?

मी मनाशी हसलो. अरे, लायसन कधी गाडीला असतं का! गाडीला नंबर असतो. लायसन ड्रायव्हरला! केली खूण माणसाच्या चौकटीत.

आता किती? मान वर केली आणि मोजलं. काय मोजलं? टेबलं! इथे कम्प्युटरची टेबलं चार, अकोल्याला एक. लिहिले पाच. ड्रायव्हरचं लायसन घेतलं आणि गाड्या मोजल्या. अशी अक्कल माझी.

माणसं किती होती, आता तुम्हीच मोजा. एक इंगोले सर. दुसऱ्या मंदाताई, दाणे मोजणाऱ्या. तिसरे भोयर, गावोगाव फिरून नमुने आणणारे. चौथा मी. पाचवे अकोल्याचे राऊत. आणि सहावे रज्जाकचाचा.

रज्जाकचाचा व्हरांड्यात बसून नमुने घ्यायचे. पूर्वी एका जिनिंग फॅक्टरीत कापसाची प्रतवारी करायचे. बोटांनी धागा ओढून सांगायचे, कापूस कोणत्या शिवारातला. जिनिंग बंद पडली, तेव्हापासून इथे. मोडक्यातोडक्या उर्दू-मराठीत त्यांचं रजिस्टर, आणि तोंडात सरकीचा दाणा. दाताखाली फोडायचे आणि म्हणायचे, "यात जान नाई, दिलूभाऊ." आठ दिवसांनी निकाल तोच! सर चिडायचे, "रज्जाकभाई, दात म्हणजे रिपोर्ट नव्हे." चाचा म्हणायचे, "हाव सर. पण रिपोर्टले आठ दिवस लागते."

*

मशीन सुरू झालं त्या सकाळी पाचही जण आपापल्या नावानं फाईलींपर्यंत पोचले. चाचा व्हरांड्यातून आले, माझ्या खुर्चीवर बसले, दोन बोटांनी नाव टाइप केलं. मशीननं इंग्रजीत काहीतरी सुनावलं.

"काय म्हणते?"

"जागा नाई म्हणते, चाचा."

चाचांनी टोपी मागे सारली. "दिलूभाऊ, यष्टीत पाय ठेवाले जागा नसली तरी कंडक्टर म्हणते, 'सरका बाप्पा मांगं.' हे कुठलं कंडक्टर आणलं तू?"

सगळे हसले. मीही हसलो. पण चाचा उठताना खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून गेले, ते मला उगाच लागलं.

*

मधे एक छोटं सांगतो. मला दाणे मोजायला बसवलं होतं एकदा, मंदाताईंना ताप होता म्हणून. मुगाची गुंडाळी उघडली. उगवलेले एकीकडे, कुजलेले दुसरीकडे. सात दाणे तसेच राहिले. फुगले नाहीत, कुजले नाहीत, जसे ठेवले तसेच. मी ढकलले मेलेल्यांत आणि निकाल लिहिला.

सरांनी पाहिलं. मला वाटलं आता बसणार! पण ते स्टूल ओढून शेजारी बसले, सातही दाणे वेचून परत ओल्या कागदावर ठेवले.

"हे कडक बी आहे, दिलीप. कवच जाड असतं, पाणी आत जायला वेळ लागतो. मेलेलं समजू नये. थोडे दिवस द्यावे."

"अन् नाई उगवलं तर?"

"तर मेलेलं लिहू. घाई काय आहे?"

पुढच्या आठवड्यात पाच उगवले. मंदाताईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवले आणि म्हणाल्या, "पाहा भाऊ, पाच जीव मारले होते तुमी!"

*

आता सुपारी.

पाच नावं, सहा माणसं. सर आठवडाभर मोर्शी-वरुडकडे गेले होते. आम्ही डोकं लावलं. माणसांची नावं काढून टाकली, मशीनमध्ये बीज-एक ते बीज-पाच अशी नावं केली. मंदाताईंनी घरून पूजेच्या पाच सुपाऱ्या आणल्या. त्यावर शाईनं आकडे. एक सुपारी अकोल्याला राऊतांकडे, चार इथे ताटलीत. ज्याच्या हातात सुपारी, तो फाईल उघडणार. काम झालं की सुपारी ताटलीत.

काय सुंदर चाललं होतं म्हणता! "मंदाताई, सुपारी सोडा." "थांबा भाऊ, दोन लॉट राह्यले." चाचांना पहिल्यांदा सुपारी मिळाली तेव्हा त्यांनी ती आधी डोळ्यांना लावली. म्हणाले, "बिस्मिल्ला." मंदाताई म्हणाल्या, "गणपतीची हाय चाचा." चाचा म्हणाले, "मग तर कामच झालं."

शनिवारी मीटिंगसाठी राऊत अकोल्याहून आले. उन्हातून आलेला माणूस. पाणी प्यायले, टेकले, समोर ताटलीत एकच सुपारी, आकडा खाली गेलेला. पाहुण्यासाठीच ठेवलीय असं समजून त्यांनी खिशातून अडकित्ता काढला आणि...

मंदाताई किंचाळल्या, "अवो राऊतभाऊ, तुमी लायसन खाल्लं!"

राऊतांचा घास तोंडातच. नेमके त्याच वेळी सर दारात. "काय खाल्लं?"

सगळं सांगावं लागलं. सर हसले नाहीत. त्यांनी लायसनसोबत आलेली पुस्तिका मागून घेतली. बारीक इंग्रजी, पानंच पानं. जगात ती कोणी वाचत नाही. सरांनी वाचली. दोन दिवस, पेन्सिल घेऊन, दाणे मोजतात तशी ओळन् ओळ.

सोमवारी म्हणाले, "सुपाऱ्या बंद. लायसन माणसामागे आहे. माणूस बदलायचा तर कायमचा बदलायचा. दिवसातून चार वेळा नाही." मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "दिलीप, ऑर्डर तूच भरली होतीस ना?"

"हाव सर."

"बरं," म्हणाले आणि आत गेले.

पाच नावं पुन्हा पहिल्यासारखी. चाचांनीच सांगितलं, "मले वगळा. मी तं व्हरांड्यातला माणूस."

*

शेंदूरजनाघाटचे एक नर्सरीवाले यायचे. संत्र्याची कलमं ज्या रोपावर बांधतात त्या जंबेरीचं बी घेऊन. त्यांच्या भागात विहिरी आटून बागाच्या बागा वाळत होत्या, तरी हा गडी नवीन रोपं तयार करायचाच. त्यांनी निकाल विचारला. चाचा म्हणाले, "थांबा, आत विचारून येतो." आले, सांगितलं. नर्सरीवाले म्हणाले, "खिडकीआड तं मशीन हाय. तुमीच काहून नाई पाहत?"

चाचांनी लायसनचं सांगितलं. पाहुण्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माह्या आज्यानं गावाले जंबेरीचं बी वाटलं. कोणाले इचारलं नाई. अन् इथं एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीतल्या माणसाले दाखवाले परवानगी लागते?"

सर आतून ऐकत होते. बाहेर आले. "ज्यानं तयार केलं त्याचं ते आहे, भाऊ. तुमची कलमं कोणी रात्रीतून उचलून नेली तर?"

पाहुण्यानं डोकं खाजवलं. "नेली होती ना एक साल! लय शिव्या घातल्या म्या." मग म्हणाला, "पण सर, ज्यानं नेली त्याच्या वावरात जगली ती. माह्या वावरात वाळली."

त्या दिवशी सर जेवायला उशिरा गेले.

*

पेरण्यांच्या तोंडावर ट्रस्टचं पत्र आलं. ट्रस्टचीही ओढाताण चालली होती. पत्रात लिहिलं होतं: केंद्राची लायसन पाच असल्याने माणसेही पाच पुरेशी आहेत असे दिसते, सहाव्यास पुढील महिन्यापासून कमी करावे.

पत्र मी दोनदा वाचलं. हे माझं होतं! माझ्या एका खुणेमुळे. त्या रात्री नाही, त्याच क्षणी मला दिसलं. मशीनमागे खूण केली असती तर पाच मशीनवर सहा काय, सोळा माणसं बसली असती.

सांगावं? सहा महिन्यांचं ट्रायल संपायला दीड महिना राहिला होता. पत्र लिहिणारे म्हणाले असते, मग याच कम्प्युटरवाल्याला काढा. घरी बसलेले ते आठ महिने मला आठवले आणि मी तोंड शिवून घेतलं.

चाचांनी पत्र ऐकलं. म्हणाले, "काई नाई. घरी बसू." मग मला एकट्याला व्हरांड्यात म्हणाले, "दिलूभाऊ, जिनिंग बंद झाली तवा पैशाचं तर झालंच. पण दुसरं लय लागलं मले. घरी बसलेल्या माणसाले सगळे सल्ला देते. त्याले कोणी इचारत नाई. इथं लोक मले इचारते रे."

मी मान खाली घालून केबल गुंडाळत होतो. गुंडाळलेली केबल परत सोडून परत गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावलं. "दिलीप, माझं नाव सर्व्हरमधून काढ. कायमचं. तिथे रज्जाकभाईंचं टाक."

"सर?"

"पत्रात पाच माणसं म्हटलंय. ही पाच. मी आजपासून मानद. व्हरांड्यात नमुने घेईन." मानद म्हणजे पगार बंद, हे सगळ्यांना कळलं. चाचा उठून उभे राहिले. "सर, हे नाई चालनार." सर म्हणाले, "रज्जाकभाई, तुम्ही दातानं सांगता ते मला अजून जमत नाही. तुम्ही आत बसा." आणि चाचांचं रजिस्टर उचलून बाहेर गेले.

*

ऐन हंगामात सॉफ्टवेअर कंपनीकडून लायसनच्या तपासणीला माणूस आला. पुण्याचा, तरुण, अतिशय सभ्य. व्हरांड्यात शेतकऱ्यांची रांग गेटपर्यंत. तो आत बसला, पाच नावं पाहिली, अकोल्याच्या राऊतांना धरून पाच माणसं मोजली. खूश झाला. "या भागात इतकं स्वच्छ ऑफिस मी पहिल्यांदा पाहतोय," म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज. "रज्जाकभाई, त्या चांदूरच्या सोयाबीनचं काय निघालं?"

"बासष्ट, सर!"

पुण्याच्या माणसानं पेन थांबवलं. "हे गृहस्थ कोण? यांचं लायसन?"

मंदाताई म्हणाल्या, "ते कुठं मशीनले हात लावते?"

"तसं नाही चालत ताई. नियमात आहे. मधे कोणी माणूस किंवा मशीन ठेवून फाईलमधली माहिती घेतली, तरी पलीकडच्याला लायसन लागतं. नाहीतर सगळेच एकाला पुढे करतील."

चाचांनी दोनदा विचारून खात्री केली. मग खिडकीतून रांगेकडे बोट दाखवलं. "साहेब, मग तुमी लेहा. मी एकेक गाव सांगतो. हे कुऱ्ह्याचे चौघं. ते मागचे तिवस्याचे. त्या पांढऱ्या दुपट्ट्यावाल्याच्या घरी सात जण हायेत, तो जाऊन सगळ्याइले सांगनार."

तो बिचारा हसला. म्हणाला, छापील निकालाचा कागद कोणालाही द्या, त्याला बंधन नाही. पण केंद्रातल्या माणसानं रोज असं विचारून काम करू नये. सर दारात उभे राहून ऐकत होते. "बरोबर आहे," म्हणाले.

मी त्या माणसाला स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. उतरताना तो सहज म्हणाला, "तुमच्याकडे मशीन पाच, माणसं सहा. मशीनमागे का नाही घेतलंत? अजून बदलून मिळेल. एकदाच मिळतं, फुकट. ज्यानं ऑर्डर भरली त्यानं सही करून लिहून द्यायचं, खूण करताना माझी चूक झाली म्हणून. बस्स."

मी म्हटलं, "अस्सं?" त्याची बस लागली होती. तो गेला. मी परत आलो आणि कोणाला काही बोललो नाही. तीन आठवडे. लाज वाटते सांगताना, पण तीन आठवडे!

*

आता सर आत काहीच विचारेनात. नियम म्हणजे नियम. निकाल छापला की शेतकऱ्याच्या हाती जायचा, सर त्यात डोकावायचेही नाहीत. पण लोक विचारायचे त्यांनाच! "सर, माह्या बियाण्याचं काय वाटते?" मग सरांनी काय करावं? प्रत्येक नमुन्यातले थोडे दाणे मागून घेऊन घरी न्यायला लागले. स्वयंपाकघरात गुंडाळ्या, देव्हाऱ्याशेजारी गुंडाळ्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एक दिवस केंद्रात येऊन मंदाताईंना म्हणाल्या, "घरभर मूग भिजलेत गं, पण पंधरा दिवस उसळ नाही!"

सगळे हसले. मला हसू येईना. सहासष्ट वर्षांचा माणूस रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उकिडवा बसून तेच दाणे पुन्हा मोजत होता, आणि त्याला एका सहीचं औषध होतं. ती सही माझ्या खिशातल्या पेनात होती.

चाचाही आत सुखी नव्हते. खुर्चीवर नुसते टेकायचे. दर तासाला व्हरांड्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, सर वर बघायचे. विचारायचं नाही, सांगायचं नाही. असे दोन म्हातारे.

*

आता शेवटचा. मंगळवार होता, इतकं आठवतं.

दर्यापूरकडचा एक शेतकरी पहिल्यांदाच आला होता. तरणा, घाईत. सर पाटावर बसून त्याची पिशवी सोडत होते, चष्मा नाकावर, बोटांना गाठ सुटेना. तो अधीर झाला. म्हणाला, "सरका, मी सोडतो. तुमी इथं नवीनच लागले काय बाबा?"

मी खिडकीतच उभा होतो. चाचा माझ्या मागे.

सर म्हणाले, "हाव. याच हंगामात."

जन्मभर पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून मी 'हाव' पहिल्यांदा ऐकलं. त्या पोरानं गाठ सोडली, पिशवी पुढे केली आणि वर म्हणाला, "शिका हळूहळू. होते सवय." सरांनी मान हलवली आणि दाणे मोजायला घेतले.

चाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. तरी तो हात मला पेलवेना.

मी टेबलावर आलो. कोरा कागद घेतला. 'मी खाली सही करणारा दिलीप गावंडे लिहून देतो की ऑर्डर भरताना लायसन माणसामागे अशी खूण मी केली, ती माझी चूक होती. टेबले मोजून आकडाही मीच लिहिला. ही गोष्ट मला ट्रस्टचे पत्र आले त्या दिवसापासून माहीत आहे.' हे शेवटचं वाक्य कंपनीला नको होतं. तरी लिहिलं.

व्हरांड्यात गेलो. रांग ओसरली होती. सरांच्या पुढ्यात कागद धरला आणि म्हणालो, "सर, मले काढायचं असन तर काढा. पण हे पाठवा."

सरांनी कागद पूर्ण वाचला. चष्मा काढून पुसला. रागावतील, निदान काही विचारतील, म्हणून मी उभा. त्यांनी पाटाखालची कापडी पिशवी ओढली, तिच्यातून लायसनची ती पुस्तिका काढली आणि माझ्या हातात दिली.

"पान तीन," म्हणाले, आणि पुढचे शंभर दाणे मोजू लागले.

मी पान तीन उघडलं. माणसामागे, मशीनमागे, आणि ऑर्डर भरणाऱ्याची सही, या सगळ्या ओळींच्या खाली पेन्सिलीची सरळ रेघ होती. समासात तारीख होती. आम्ही सुपाऱ्या बंद केल्या त्या सोमवारची. तारखेखाली सरांनी, रिपोर्टवर लिहायचे त्याच बारीक अक्षरात, लिहिलं होतं:

'कडक बी. मेलेलं समजू नये. थोडे दिवस द्यावे.'

आणि खाली सही.